मागून आणलेली कुंची

तान्ह्या बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी करायची तर बाळाने एकच उपकार करायचा असतो, दहा मिनिटं रडायचं नाही. बाकीची सोय निसर्गाने करून ठेवलेली असते. टाळू भरलेली नसते. त्या मऊ जागेवर प्रोब टेकवायचा आणि आत डोकवायचं. मी हे काम सव्वीस वर्षं करतोय. सोमवार ते बुधवार आणि शुक्रवार-शनिवार शहापुरात माझ्या स्वतःच्या सेंटरवर, आणि गुरुवारी मुरबाडला एका मुलांच्या दवाखान्यात, तिथल्या मशीनवर. किन्हवली, सरळगाव करत गाडीने तासभर लागतो.

टाळूवर जेल लावलं की सोबत आलेली आजी हमखास विचारते, "डॉक्टर, तेल हाय का?" मी हो म्हणतो. तेल म्हटलं की आजीचा जीव भांड्यात पडतो आणि माझंही काम पटकन उरकतं. देवाधर्माशी माझं भांडण नाही, पण ओळखही नाही. नवस, अंगारे, दृष्ट, सगळं मी ऐकून घेतो आणि रिपोर्टमध्ये मिलिमीटर लिहितो. आमची ही, वत्सला, म्हणते, "तुम्ही स्वतःच्या लग्नाचा फोटोसुद्धा रेडिओलॉजिस्टसारखा बघता." तेही खरंच आहे.

हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे लिहितोय ते लिहिणारा माणूस भाबडा नाही.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी सापगावची पूजा नावाची मुलगी आपलं आठ दिवसांचं बाळ घेऊन आली. मुलगा होता, दूध नीट ओढत नव्हता. डाव्या बाजूला, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या कडेला, पांढरा ठिपका दिसला. नवजात बाळांत असं दिसतं कधी कधी, बारीकशी रक्तवाहिनी फुटते आणि रक्त साकळतं. याचा आकार मात्र लक्षात राहिला. मोड आलेल्या वालासारखा. वर फुगीर दाणा आणि खाली वळलेला मोड. मापलं, पाच पूर्णांक दोन मिलिमीटर.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "बहुतेक वेळा आपोआप विरतं. पंधरा दिवसांनी परत आण."

ती बाळाला कुंची घालायला लागली तेव्हा कुंचीची नाडी माझ्या प्रोबच्या वायरीत अडकली. सोडवायला दोन मिनिटं गेली, म्हणून ती कुंचीही लक्षात राहिली. जुन्या तांबड्या लुगड्याची होती. मागे हिरवं ठिगळ, एक नाडी पांढरी आणि एक काळी. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. ज्या घरातलं मूल तरलं, धडधाकट झालं, त्या घरातून जुनं आंगडं-टोपडं मागून आणतात. मीही असाच कुणाच्या तरी टोपड्यात वाढलोय.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मुरबाडला एक बारा दिवसांची मुलगी आली. वजन कमी, म्हणून तपासणी. मी प्रोब टेकवला आणि हात थांबला.

मोड आलेला वाल. डाव्या बाजूला, त्याच जागी. मोड तसाच वळलेला. सहा पूर्णांक आठ, आणि मधोमध जरा काळसर व्हायला लागलेला.

साकळलेलं रक्त जुनं होत जातं तसं मधून काळं पडतं, हे पुस्तकी आहे. त्यात नवल काही नव्हतं. दोन बाळांत एकाच जागी रक्त साकळणं, तेही होतं, कारण वाहिन्या तिथेच नाजूक असतात. पण आकार? मी चष्मा पुसला. मुलीची आई माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी चेहरा सरळ केला आणि तिला पूजाला सांगितलं तेच सांगितलं. घरी जाताना सरळगावच्या फाट्यावर चहा प्यायला थांबलो आणि चहा तसाच ठेवून निघालो.

पुढच्या मंगळवारी पूजा आली. बाळाच्या डोक्यात काही नव्हतं. विरलं म्हणजे मागे पुसटशी खूण तरी राहते, इथे तीही नव्हती. बाळ चुटुचुटु अंगठा चोखत होतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी आनंदाने 'नॉर्मल' लिहिलं. पूजाने हात जोडले.

नाताळच्या आठवड्यात धसईचं एक बाळ आलं, मुरबाडलाच. बाळ नुसतं पेंगत होतं. ठिपका आठ पूर्णांक तीन. मोड तोच. मध्ये आता स्पष्ट काळी फट. आणि त्याच दिवशी दुपारी, आधीची ती मुरबाडची मुलगी फेरतपासणीला आली, तर तिचं डोकं स्वच्छ.

मी गोंधळलो, हे सरळ कबूल करतो. आधी वाटलं, मशीनमध्ये जुनी चित्रं अडकून राहताहेत. पण पहिलं बाळ शहापूरच्या मशीनवर होतं आणि बाकीची मुरबाडच्या. मग वाटलं, नावांची अदलाबदल झाली. तारखा, वेळा, बाळांच्या पायातले दवाखान्याचे पट्टे, सगळं ताडून पाहिलं. नावं बरोबर होती. मग वाटलं, डोळे गेले. म्हणून ठाण्याला जाऊन डोळे तपासले, नंबर तोच निघाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे मी इतरांना नेहमी सांगतो. पण कावळा तीन वेळा बसला होता आणि फांदी दर वेळी त्याच जागी तुटली होती.

शेवटी नावं खोडून तिन्ही चित्रं रितेशला पाठवली. रितेश माझा बॅचमेट, मुंबईत मोठ्या इस्पितळात नवजात बाळांच्या मेंदूचंच काम करतो. त्याचा लगेच फोन आला.

"काय रे, परीक्षा घेतोस का माझी? एकाच बाळाचे तीन स्कॅन आहेत. साधारण दर आठ-दहा दिवसांनी काढलेले."

"एकाच कशावरून?"

"अरे, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तीच जागा, तीच शेपटी. आणि हे विरणारं नाही, वाढतंय. चौथ्या स्कॅनमध्ये तिथे पोकळी दिसेल बघ. डावी बाजू आहे, तेव्हा उजव्या हाताकडे लक्ष ठेव. अंगठा मुठीत ठेवायला लागलं की समज."

"ही तीन वेगवेगळी बाळं आहेत, रितेश."

तो हसला. "रिटायर हो आता," म्हणाला.

जानेवारीच्या तिसऱ्या तारखेला आमची मिताली बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, माहेरी. तीन आठवडे आधीच झाली, पण मुलगी खणखणीत रडली. लग्नानंतर सात वर्षांनी, दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर झालेली ही मुलगी. मी तिला नुसती चिमी म्हणायला लागलो आणि तेच नाव रुळलं. तिसऱ्या दिवशी मी तिचं डोकं स्वतः पाहिलं. इतकं स्वच्छ चित्र मी वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं. वत्सलाला म्हणालो, "हे फ्रेम करून लावू." ती म्हणाली, "आपला तो बाब्या." मी खूप हसलो त्या दिवशी.

पुढच्या गुरुवारी मुरबाडला धसईचं बाळ फेरतपासणीला आलं. त्याचं डोकं स्वच्छ होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. 'नॉर्मल' टाइप केलं आणि खुर्चीत बसून राहिलो. मनात एकच प्रश्न होता, मग आता ते कुठे आहे? असला प्रश्न माझ्या मनात यावा याचाच मला राग आला.

घरी पोचलो तेव्हा मिताली अंगणात उन्हाला बसली होती. मागे माहुलीचा डोंगर, दोरीवर लंगोट वाळत घातलेले. चिमी तिच्या मांडीवर झोपली होती. तिच्या अंगात तांबडी कुंची होती. एक नाडी पांढरी, एक काळी.

मी चिमीला जरा कुशीवर केलं. मागे हिरवं ठिगळ होतं.

"ही कुठून आली?"

वत्सला आतून आली. "कमळाबाईंनी आणून दिली, रविवारी, पाचवीला." कमळाबाई म्हणजे मितालीला आणि बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई, मूळची धसईची. "मीच मागितली. त्यांच्या धसईच्या भाचीच्या बाळाला होती. अहो, फार गुणाची आहे म्हणे. सापगावच्या एका पोराच्या डोक्यात रक्त साकळलं होतं, ही घातल्यावर विरलं. मुरबाडच्या पोरीचं तसंच, धसईच्याचं तसंच, आजच त्यांना फोन आला. डॉक्टरांचे रिपोर्ट आहेत."

"कुठल्या डॉक्टरांचे?"

वत्सला हसायला लागली. "आता तुम्हीच सांगा."

माझे रिपोर्ट. त्या कुंचीची ख्याती मी केली होती. प्रत्येक आईला मी 'नॉर्मल' लिहून दिलं, आणि प्रत्येक आईने ते कुंचीच्या नावावर जमा केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडायच्या आधी मी चिमीला घेऊन गेलो. कुंची काढली. जेल हातावर घेऊन कोमट केलं. टाळूवर प्रोब टेकवला.

मोड तसाच होता. दाण्याच्या जागी काळी पोकळी होती. नऊ पूर्णांक नऊ.

कमळाबाई दहाच्या सुमारास आल्या. साठीची बाई, हाताला अजून जोर. चिमीला पायांवर आडवी घेऊन तेल चोळायला बसल्या. मी मोरीच्या दाराशी उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी 'चहा घेतला का' यापलीकडे बोललो नव्हतो.

"कमळाबाई, ही कुंची मूळची कुणाची?"

"सापगावला व्हती. त्याच्या आदी कुटं व्हती, कोनाला म्हायत?"

"परत देता येते का?"

"परत नाय घेत कोन, डॉक्टर. ही मागून न्ह्यायची असती. मागितल्याबिगर द्यायची नाय, आन् मागितली तं नाय म्हनायचं नाय. तशीच रीत हाय हिची."

"आणि चुलीत घातली तर?"

त्यांचा हात थांबला. तेल त्यांच्या मनगटावरून ओघळलं.

"मंग मागंल कोन?"

मी खाली बसलो. हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय म्हायत असनार? आमी अडानी मानसं. पोरं बरी झाली, येवडं डोल्यानं दिसलं."

"ज्याच्याकडे गेली त्याचं काय झालं?"

"तेबी बरं झालं ना."

"आणि त्याच्यानंतरचं?"

कमळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिमीचा उजवा हात उलगडून तेल लावायचा प्रयत्न करत होत्या. "फुडचं कोन बघतंय, डॉक्टर?" त्या म्हणाल्या.

तेही खरंच होतं. प्रत्येक घराने फक्त आपलंच बाळ बघितलं होतं. एकामागून एक सगळी बाळं बघणारा तालुक्यात मी एकटा होतो.

मी कुंची काढून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. काही फरक पडला नाही. सोमवारी पोकळी दहा पूर्णांक सहा झाली, बुधवारी अकरा पूर्णांक चार. चिमीचा डावा हात उघडायचा, बोटं हलायची. उजव्या हाताचा अंगठा आत आणि त्याच्यावर चार बोटं घट्ट. तान्ही बाळं अंगठा मुठीत घेतात, त्यात काही नाही, असं मी मितालीला सांगितलं. झोपेतही ती मूठ सुटत नव्हती, हे तिला सांगितलं नाही. ठाण्याच्या मेंदूतज्ज्ञ बाईंनी चित्रं पाहिली. व्यायाम सुरू करू म्हणाल्या, उजवा हात-पाय अधू राहू शकतो, किती ते वर्षभराने कळेल. मिताली माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, पण तुम्ही तर स्वच्छ म्हणाला होतात." मी सव्वीस वर्षांत कुणासमोर रडलो नव्हतो. मोरीत जाऊन नळ सोडला.

गुरुवारी मुरबाडला निघताना कपाट उघडून कुंची पिशवीत टाकली. काम संपवून धसईला जायचं आणि कमळाबाईंच्या भाचीच्या ओटीवर ठेवून यायची, घेवो न घेवो, असं ठरवलं होतं. निदान स्वतःला तसं सांगितलं होतं. किन्हवलीच्या पुढे शेतात वालाचे वेल शेंगांनी भरले होते. मी काच वर केली.

दवाखान्यात पिशवी खुर्चीवर ठेवली. पिशवीचं तोंड मी नेहमी बंद करतो.

चौथा पेशंट रेश्मा. बावीस-तेवीस वर्षांची, सरळगावकडची, एकटीच आली होती. सहा दिवसांचा मुलगा, वजन दोन किलोच्या आत. जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला. मी प्रोब टेकवला. सगळीकडून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. स्वच्छ. डावी बाजू स्वच्छ, उजवी स्वच्छ. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या पोराच्या कपाळावरचं जेल स्वतः पुसलं.

"काय नाय ना, डॉक्टर?"

"काही नाही. छान आहे."

रिपोर्ट टाइप केला. नॉर्मल. वेळ अकरा चाळीस.

ती बाळाला गुंडाळता गुंडाळता थांबली. खुर्चीकडे बघत होती. पिशवीतून काळी नाडी आणि हिरव्या ठिगळाचं टोक बाहेर आलं होतं.

"डॉक्टर, ही ती हिरव्या ठिगलाची कुंची का?"

मी रिपोर्टवर सही केली.

"आमच्या शेजारनीनं सांगितलं. धसईवाली. लय शोदली आमी, कोनाकडं गेली कलंना." ती जवळ आली. तिने भीतभीत ठिगळाला हात लावला. "थंडीचं चादरीत आनलाय वो ह्याला. नवं घालीत नाय ना आमच्यात. द्याल का आमाला?"

मी विचार केला, हे मी शपथेवर सांगतो. जर मी या गोष्टी मानत नाही, तर ही एक जुनी चिंधी आहे आणि एका कुडकुडणाऱ्या पोराला ती द्यायला काहीच हरकत नाही. आणि जर हरकत वाटत असेल, तर मी मानतो. मी मानत नाही. सव्वीस वर्षं मानलेलं नाही.

'नाही' हा शब्द दोन अक्षरांचा आहे. तो माझ्या तोंडात होता.

रेश्माने थोडी वाट पाहिली. मग मोठी माणसं गप्प राहिली की समजायचं तसं समजली, आणि पिशवीतून कुंची काढली.

तिने चादर सोडली. बाळाच्या डोक्यावरून कुंची घेतली. पांढरी नाडी. मग काळी.

गाठ मारली.

फोन वाजला. मिताली होती. रडत होती की हसत होती, कळेना.

"बाबा, तिनं मूठ उघडली. आत्ता, या मिनिटाला. अंगठा बाहेर आहे, बाबा. आईचं बोट धरलंय तिनं."

"छान," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले. खरंच भरून आले.

"बगा, कसा लगेच निजला," रेश्मा म्हणाली.

तिने त्याला माझ्यासमोर धरलं. दोन्ही हात कुंचीबाहेर होते. डावा उघडा. उजव्या हाताचा अंगठा हळूहळू आत वळला आणि चार बोटं त्याच्यावर मिटली.

मशीन चालू होतं. जेलची बाटली उघडीच होती.

"परत कधी आनू, डॉक्टर?"

मी प्रोब पुसला आणि जागेवर अडकवला.

"परत आणायची गरज नाही," मी म्हणालो. "रिपोर्ट नॉर्मल आहे."